मालकाला ठाऊक होते काय?

जुनी वस्तू स्वस्तात घ्यावी, घासूनपुसून नीट करावी आणि चार पैसे अधिक घेऊन विकावी, हा उद्योग नवा नाही. जुन्या साडीच्या बदल्यात स्टीलचे पातेले देणारी बोहारीण, रद्दीवाला, भंगारवाला, भेंडी बाजाराजवळच्या मटन स्ट्रीटवरील चोर बाजाराचे दुकानदार, पुण्याच्या जुन्या बाजारातील पथारीवाले, या सर्वांचे पोट त्यावरच चालत आले आहे. नवे आहे ते एवढेच की, आता नोकरदार माणसे, गृहिणी आणि कॉलेजातील मुलेही हा उद्योग हौसेने करू लागली आहेत. मोबाईलवर फोटो टाकला की ओएलएक्सवर किंवा फेसबुकवर गिऱ्हाईक मिळते. इस्राएलमधील आपले बांधव याच कामासाठी 'याद श्तायिम' पाहतात; त्या नावाचा अर्थ 'हात क्रमांक दोन' असा होतो. हौस भागते, आणि हातखर्चाला पैसेही सुटतात. यात वाईट ते काय, असे कोणीही विचारील.

या प्रश्नाचा विचार करण्याचे निमित्त मात्र आम्हांस दूरवरून मिळाले. रायगड जिल्ह्यातील आमच्या जुन्या शेजारी मुसलमान कुटुंबातील एक तरुण सौदी अरेबियात रास अल खैर येथे नोकरीस आहे. पूर्व किनाऱ्यावर, जुबैल शहराच्या उत्तरेस हे औद्योगिक बंदर आहे. पूर्वी त्यास रास अझ झौर म्हणत. अरबी भाषेत रास म्हणजे डोके, अर्थात समुद्रात शिरलेले भूशिर. आणि खैर म्हणजे भले. 'आता त्याची खैर नाही' असे आपण म्हणतो, तो हाच शब्द. उत्तरेच्या वाळवंटातून आगगाडीने येणाऱ्या फॉस्फेटचे तेथे खत बनते, बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम बनते, आणि २०१४ साली सुरू झालेल्या प्रचंड कारखान्यात समुद्राचे पाणी गोडे करून ते नळांवाटे थेट रियाधपर्यंत पोहोचविले जाते. या कामांसाठी देशोदेशीचे कामगार करारावर येतात, कँपमध्ये राहतात आणि करार संपला की आपापल्या गावी जातात.

येताना माणसाच्या हाती एक बॅग असते. चार-सहा वर्षांत त्याच्या भोवती लहानसा संसार जमतो. सायकल, पंखा, छोटा फ्रिज, मिक्सर, टीव्ही. मग एके दिवशी 'एक्झिट' लागते. विमानात न्यावयाचे वजन ठरलेले, दिवस मोजके. सामान मिळेल त्या किमतीला द्यावे लागते, नाहीतर ते कचऱ्यात जाते. आमचा हा शेजारी तरुण हाताने कुशल आहे. तो अशा वस्तू घेतो, सुट्टीच्या दिवशी बसून दुरुस्त करतो आणि विकतो. अशा विक्रीस तिकडे 'हराज' म्हणतात, आणि त्याच नावाची मोबाईलवरची एक मोठी बाजारपेठही तेथे आहे. आपल्या मराठीतील 'हर्रास' हा शब्द त्याच अरबी शब्दापासून आला आहे. त्या तरुणाने आपल्या आईमार्फत आम्हांस विचारले की, ही कमाई शुद्ध आहे ना? आपल्या मौलवींना त्याने विचारलेच असेल. परंतु बेने इस्राएल शेजाऱ्यांची तोरा याविषयी काय सांगते, हेही त्यास जाणून घ्यावयाचे होते. प्रश्न एका मुलाचा असला, तरी तो आपल्या घरोघरचा आहे, म्हणून उत्तर येथे देत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. राज्याचा कायदा हाही कायदाच होय, हे तत्त्व शमुएल या आचार्यांनी घालून दिले व ते तालमुदात नमूद आहे. शमुएल तिसऱ्या शतकात बाबिलोनियात, परक्यांच्या राज्यात राहत होते, हे ध्यानात ठेवावे. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्याप्रमाणे परदेशी कामगारास स्वतःच्या हिशेबाने धंदा करण्यास मनाई आहे. जाताना स्वतःची सायकल विकणे वेगळे, आणि दर महिन्यास दहा सायकली घेऊन नफ्याने विकणे वेगळे. दुसऱ्या प्रकारास तेथे परवानगी नाही, आणि ती मिळत नसेल तर तो उद्योग बंद करावा, हेच आमचे पहिले उत्तर. लहानसा धंदा आहे, कोण पाहतो, हा युक्तिवाद चालणार नाही. परंतु एवढ्याने मूळ प्रश्न सुटत नाही. मुंबईत, ठाण्यात, अश्दोदमध्ये किंवा लोदमध्ये जो हा उद्योग कायदेशीरपणे करू शकतो, त्याची कमाई शुद्ध आहे काय, हे पाहावयाचे राहतेच.

या उद्योगाची चांगली बाजू आधी सांगू. शहराला वेढा घातला असतानाही फळझाडे तोडू नयेत, अशी आज्ञा देवारीम म्हणजे अनुवाद या ग्रंथाच्या २० व्या अध्यायात आहे. आपल्या आचार्यांनी तिचा अर्थ विस्तृत केला आणि उपयोगी पडणारी कोणतीही वस्तू वाया घालविणे निषिद्ध ठरविले. तेव्हा जो मनुष्य टाकून दिलेला पंखा पुन्हा फिरता करतो, तो सत्कर्मच करतो. त्यात त्याला मौज वाटत असेल तर अधिकच चांगले. पंखा कचऱ्यातून वाचला, घेणाऱ्याची सोय झाली, दुरुस्त करणाऱ्याला मजुरी मिळाली. येथपर्यंत तक्रारीस जागा नाही.

आता विचार सोपा व्हावा म्हणून दोन सौदे कल्पू. समजा, या तरुणाने गावी जाणाऱ्या सोबत्याकडून बंद पडलेला फ्रिज १०० रियालला घेतला. ६० रियालचे सुटे भाग घातले, दोन सुट्ट्या त्यात घालविल्या आणि तो २५० रियालला विकला. दुसरा सौदा असा की, त्याच सोबत्याने किरकोळ सामानाचा एक डबा २० रियालला दिला. डब्यात एक जुने मनगटी घड्याळ होते. ते मोलाचे आहे हे आपल्या तरुणाने पाहताक्षणीच ओळखले. सोबत्यास त्याची कल्पना नव्हती. घड्याळ ९०० रियालला गेले. दोन्ही सौदे राजीखुशीचे, दोन्हींत जबरदस्ती नाही. तरी दुसऱ्या सौद्याची हकीकत ऐकताना मन क्षणभर अडखळते. ते का अडखळते, हेच आपणांस शोधावयाचे आहे.

आपल्या परंपरेत शिमोन बेन शेताह यांची कथा प्रसिद्ध आहे. ते मोठे आचार्य होते, पण तागाच्या व्यापारावर कष्टाने पोट भरीत. त्यांचे श्रम हलके व्हावेत म्हणून शिष्यांनी एका अरबाकडून त्यांच्यासाठी गाढव विकत आणले. गाढवाच्या गळ्यात एक मौल्यवान रत्न लटकलेले आढळले. आता आपल्या गुरूंना जन्मभर कष्ट नकोत, म्हणून शिष्य आनंदले. गुरूंनी एवढेच विचारले की, त्या गाढवाच्या मालकाला हे ठाऊक होते काय? नाही, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी रत्न परत करावयास लावले. आपण गाढव विकत घेतले आहे, रत्न घेतलेले नाही, असा त्यांचा हिशेब होता. तो अरब यहुदी नव्हता; त्याने कधी मागणी केली नसती; सौदा तर पुरा झाला होता. तरी रत्न परत गेले, आणि त्या अरबाने शिमोनच्या देवाची स्तुती केली, असे कथेत सांगितले आहे.

ही जुन्या काळची गोष्ट झाली, असे कोणी म्हणू नये. २०१३ साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात एका रब्बींनी क्रेग्सलिस्टवरील जाहिरात पाहून एक जुने टेबल विकत घेतले. ते दारातून आत जाईना म्हणून त्यांनी त्याचे भाग सुटे केले, तेव्हा मागे एक पिशवी सापडली. तीत सुमारे ९८,००० डॉलर रोख होते. त्यांनी विकणाऱ्या बाईंना फोन केला आणि पत्नी व मुलांना बरोबर घेऊन सर्व रक्कम परत नेऊन दिली. मुलांना बरोबर नेले, हे आम्हांस विशेष वाटते.

यावर कोणी म्हणेल की, पैशाची पिशवी आणि घड्याळ यांत फरक आहे. पिशवी विकली नव्हती, घड्याळ तर विकले होते. हा आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच आपल्या आचार्यांनी विक्रीतील अन्यायाचाही स्वतंत्र विचार केला. विकताना किंवा विकत घेताना एकमेकांस नाडू नये, अशी आज्ञा वायिक्रा म्हणजे लेवीय या ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात आहे. तिला ओनाआचा नियम म्हणतात. मिश्नाच्या बाबा मेसिया या भागात त्याचे माप दिले आहे. किमतीत एक षष्ठांशाचा, म्हणजे २४ नाण्यांमागे ४ नाण्यांचा फरक पडला, तर तेवढी रक्कम परत मागता येते. त्याहून अधिक पडला तर सौदाच मोडता येतो. हा नियम फक्त विकणाऱ्यावर नाही. घेणाराही विकणाऱ्यास नाडू शकतो, हे त्यांनी ओळखले होते.

त्यांची सूक्ष्म दृष्टी पुढच्या तपशिलात दिसते. ज्याने महाग घेतले, त्यास तक्रारीसाठी थोडाच वेळ दिला आहे. वस्तू एखाद्या व्यापाऱ्यास किंवा नातलगास दाखविण्यास लागेल तेवढा. परंतु ज्याने स्वस्त विकले, त्यास अशी मुदत नाही. कारण वस्तू त्याच्या हातून गेलेली असते. आता तो कोणास काय दाखविणार? म्हणजे दोघांपैकी अधिक असहाय कोण, हे पाहून कायदा त्याच्या बाजूस झुकला. आणि आमच्या शेजारी तरुणास हे वाचून समाधान वाटेल की, इस्लाम धर्मातही असेच सांगितले आहे. बाजाराकडे येणाऱ्या काफिल्यास वाटेतच गाठून, त्यास शहरातील भाव कळण्यापूर्वी माल विकत घेण्यास पैगंबरांनी मनाई केली. आणि असा सौदा झालाच तर बाजारात पोहोचल्यावर तो मोडण्याचा अधिकार विकणाऱ्यास दिला. एक्झिट लागलेला कामगार हा एका अर्थी उलट दिशेने निघालेला काफिलाच नव्हे काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घड्याळ ओळखण्याची नजर काही फुकट येत नाही. वर्षानुवर्षे पाहिले, वाचले, चार वेळा फसलो, तेव्हा ती आली. ती विद्या हेही श्रमच आहेत, मग त्यांचा मोबदला का घेऊ नये? जरूर घ्यावा. पण एक उदाहरण पाहा. एखादी विधवा पितळेची समजून सोन्याची बांगडी सोनाराकडे घेऊन गेली, आणि त्याने ती पितळेच्या भावाने ठेवून घेतली, तर त्या सोनारास आपण काय म्हणू? सोने ओळखण्याची विद्या तोही कष्टानेच शिकला होता. तरी त्याने विद्येचा मोबदला घेतला, असे कोणी म्हणणार नाही. विद्येचा मोबदला म्हणजे पारख करण्याची मजुरी. सगळी बांगडी नव्हे. चोर बाजारातील दुकानदाराचे वेगळे आहे. तो स्वतः त्याच धंद्यात मुरलेला असतो. दहा वस्तूंवर तो आपणांस गुंडाळतो, अकरावीवर आपण त्याच्यावर मात करतो; भाव माहीत असणे हे त्याचेच काम आहे. त्याच्याकडे एखादी दुर्मिळ वस्तू स्वस्तात सापडली तर आनंदाने घ्यावी. ही मुभा घरसंसार विकणाऱ्या माणसाच्या बाबतीत घेता येत नाही.

तिसरा आक्षेप नेहमीचा: मी घेतले नसते तर ते कचऱ्यातच गेले असते. फ्रिजच्या बाबतीत हे खरे आहे, आणि म्हणूनच तो सौदा स्वच्छ आहे. परंतु निकडीत सापडलेल्या माणसाच्या प्रत्येक वस्तूस हे वाक्य लावू नये. तालमुदात एक मार्मिक गोष्ट आढळते. घरच्या वापरातील भांडे एखाद्याने चढ्या किमतीस विकले, तर घेणाऱ्यास त्याविरुद्ध तक्रार करता येत नाही. कारण रोजच्या वापरातील वस्तूवर माणसाचा जीव असतो, तो ती सहजी सोडत नाही, हे घेणाऱ्यास आधीच कळावयास हवे. याची दुसरी बाजू आपण आपल्याशी ताडून पाहावी. जीव असलेली वस्तू जो मातीमोलाने देतो, त्याच्यावर काहीतरी वेळ आलेली असते. आणि ती वेळ आपल्या नफ्याचे कारण होऊ लागली, तर आपण थांबून विचार केला पाहिजे.

ही वेळ कशी असते हे आपल्या समाजास कोणी शिकवावयास नको. १९४८ नंतरच्या वर्षांत उमरखाडी, डोंगरी, माझगाव येथील आणि अलिबाग, पनवेल, पेण भागातील कित्येक घरे इस्राएलला निघाली. प्रवासाची तारीख ठरली की, शिसवी कपाट, शिवणयंत्र, तांब्याचे हंडे, पितळी डबे, सारे काही पडेल त्या भावाने द्यावे लागे. घेणारे हसतमुख असत, आणि सौदे राजीखुशीचेच म्हणावयाचे. ज्यांनी त्या वेळी घरी येऊन योग्य दाम दिले, त्या शेजाऱ्यांची नावे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी शेवटपर्यंत राहिली. ज्यांनी घाई ओळखून भाव पाडला, त्यांचीही राहिली.

याच संदर्भात आपल्या घरांतील जुन्या पुस्तकांकडे लक्ष वेधावेसे वाटते. जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे करून ती छापविली. अशी पुस्तके, जुने केथुबा, चांदीचे किद्दूशचे प्याले वडीलधाऱ्यांच्या पश्चात कपाटातून निघतात. मुलांना त्यांची ओळख नसते. पुस्तके किलोच्या भावाने रद्दीत जातात, आणि जाणकार संग्राहक ती तेथून उचलतो. ईश्वराचे नाव असलेले फाटके पुस्तक गनिझात ठेवावयाचे असते, रद्दीत घालावयाचे नसते, हा एक भाग. दुसरा भाग असा की, १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंचा, तसेच ७५ वर्षांहून जुन्या, मोलाच्या हस्तलिखितांचा व दस्तऐवजांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि त्या परस्पर परदेशीही पाठविता येत नाहीत. ज्यास हे ठाऊक आहे, त्याने घरच्या मुलांना ते प्रथम सांगावे. आजोबांच्या केथुबाची किंमत मुलाला कळल्यावर कदाचित तो ती विकणारच नाही. तसे झाले तर घेणाऱ्याचे नुकसान काहीच झालेले नाही.

विकण्याच्या बाजूस मिश्नाचा नियम आजच्या जाहिरातींसाठीच लिहिला आहे की काय, असे वाटते. जुनी भांडी रंग देऊन नव्यासारखी भासवू नयेत, असा तो आहे. दुरुस्ती करावी, घासावे, पुसावे. पण दोष झाकू नये. ज्या बाजूस पोचा आहे ती बाजू सोडून उरलेल्या तीन बाजूंचे फोटो काढणे, हे रंग देण्यासारखेच होय. 'थोडे वापरलेले' असे लिहिताना किती वर्षे वापरले ते लिहावे. घेणाऱ्यांवरही एक बंधन आहे. घ्यावयाचे मनात नसताना उगाच किंमत विचारू नये, असे मिश्नाने सांगितले आहे. विकणाऱ्याची आशा जागवून ती मोडणे हीदेखील शब्दांनी केलेली ओनाआ आहे. रात्री अकरा वाजता 'लास्ट प्राइस?' एवढाच निरोप पाठवून गडप होणाऱ्या मंडळींनी हे वाचून ठेवावे.

मग हा उद्योग करणाऱ्याने वागावे कसे? आमच्या मते वाट अवघड नाही. आपल्या नफ्याचे दोन भाग करून पाहावेत. एक भाग आपल्या श्रमाचा: शोधणे, वाहून आणणे, दुरुस्ती, साफसफाई, गिऱ्हाईक मिळविणे, आणि न विकली गेल्यास होणारे नुकसान सोसणे. तो निःसंकोच घ्यावा. दुसरा भाग समोरच्याच्या अज्ञानाचा किंवा घाईचा. तो आपला नव्हे. घड्याळाच्या बाबतीत करावयाचे एवढेच की, सोबत्यास सांगावे, 'चाचा, हे मोलाचे दिसते. मी विकून देतो, माझी मजुरी कापून बाकी तुमच्या घरी पाठवतो.' आपल्याकडे धान्याच्या आणि भाजीच्या बाजारात आडत्याही असाच दुसऱ्याचा माल विकून देतो. आडत ठरलेली असते आणि माल शेतकऱ्याचा राहतो. यात नफा कमी होईल. परंतु ज्याने एकदा असे केले, त्याच्याकडे पुढच्या वेळी लोक आपण होऊन वस्तू आणून देतील.

जिथे माहिती पूर्ण नाही, भाव नक्की नाही, वस्तू विकेल की नाही याचा भरवसा नाही, तेथे जोखीम घेणाऱ्याचा नफा त्याचाच. प्रत्येक सौद्यात तराजू घेऊन बसावे असे आमचे म्हणणे नाही. शिमोन बेन शेताह यांनी गाढवाचा भाव पुन्हा काढला नव्हता. जे ठळक दिसत होते, त्याच्याकडे त्यांनी डोळेझाक केली नाही, एवढेच. मरणोत्तर न्यायासनापुढे मनुष्यास पहिला प्रश्न विचारला जातो तो व्यवहार प्रामाणिकपणे केलास काय हा, असे तालमुद सांगतो. उपासाचा आणि प्रार्थनेचा प्रश्न त्याच्या आधी येत नाही.

रास अल खैरच्या तरुणास आम्ही हेच कळविले आहे. प्रथम राज्याचा कायदा पाहा. आणि पुढे कधी गावी परतून दुकान थाटलेस, तर प्रत्येक वस्तू हाती घेताना मालकाला तिची किंमत ठाऊक आहे काय, हे स्वतःस विचार. आपल्या वाचकांपैकी जे बंधुभगिनी हौसेने हा उद्योग करीत असतील, त्यांनीही आपले अनुभव व मतभेद अवश्य कळवावेत. विशेषतः भाव सांगून टाकल्यामुळे सौदा हातचा गेला असेल तर तोही. शालोम.